ई-व्हेरिफायची सक्ती आणि ओळखचोरी

ई-व्हेरिफाय म्हणजे नव्या कामगाराला अमेरिकेत काम करण्याची परवानगी आहे का, हे मालकाला तपासता येणारी सरकारी संगणकीय यंत्रणा. प्रत्येक मालकावर तिची सक्ती केली की अमेरिकेतील बेकायदा नोकऱ्या आपोआप थांबतील, असे मत मांडले जाते; ते मला अर्धेच पटते. नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक (अमेरिकी सरकारने व्यक्तीला दिलेला क्रमांक) सरकारी नोंदींशी जुळतात का, हेच ही यंत्रणा मुख्यतः पाहते. त्यामुळे मनाने रचलेला क्रमांक ती पकडते, पण दुसऱ्या जिवंत माणसाची खरी माहिती पुढे केली तर बहुधा हिरवा कंदील दाखवते. स्विफ्ट ही मांसप्रक्रिया कंपनी या यंत्रणेच्या पूर्वावतारात सहभागी होती, तरीही डिसेंबर २००६ मध्ये तिच्या सहा कारखान्यांवर छापे पडून सुमारे १३०० कामगार ताब्यात घेतले गेले. थोडक्यात, तपासणी कडक झाली की खऱ्या माणसाच्या क्रमांकाला भाव येतो.

दुसऱ्याचा क्रमांक वापरणाऱ्या प्रत्येकाला ओळखचोरीखाली दोन वर्षे आत टाका, अशी सूचनाही केली जाते; ती वाटते तितकी सरळ नाही. ओळखचोरीविषयीच्या २००४ च्या अमेरिकी कायद्यात ही वाढीव शिक्षा आहे खरी. परंतु फ्लोरेस-फिगेरोआ खटल्यातील आरोपीने स्वतःच्याच नावाच्या बनावट कार्डावर दुसऱ्याचा क्रमांक वापरला होता, आणि तो क्रमांक खरोखरच कुणा व्यक्तीचा आहे हे आरोपीला ठाऊक होते, असे सरकारने सिद्ध केले पाहिजे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये एकमताने दिला. काळ्या बाजारातून बनावट कार्ड विकत घेणाऱ्याच्या बाबतीत नेमके हेच सिद्ध करणे जड जाते.