मदत हवी आहे: स्लिम डेस्कटॉप लई तापतोय, झाकणाला भोकं पाडू का?

मंडळी, राजारामपुरीत आमचं लग्नाचे अल्बम डिझाइन करायचं काम चालतं. त्यासाठी एका ऑफिसातनं निघालेला रिफर्बिश्ड स्लिम डेस्कटॉप घेतलाय, आय फाइव्ह ८५०० प्रोसेसर, १६ जीबी रॅम आणि त्यात मावेल असं अर्ध्या उंचीचं जीटी १०३० ग्राफिक्स कार्ड. जागा खात नाही म्हणून घेतला, पण मार्च लागल्यापासनं नुसता वैताग.

मेल, ब्राऊझर असलं काय चालू असलं तर सीपीयू म्हणजे प्रोसेसर ४५-५० डिग्रीवर असतो, तक्रार नाही. पण १२ बाय ३६च्या शीटा फोटोशॉपमधनं एकगठ्ठा जेपीजीला लावल्या की थोड्या वेळात ९८, ९९, फॅन गिरणीगत ओरडायला लागतो आणि ३.९ गिगाहर्ट्झवर चाललेला प्रोसेसर धाडकन २ च्या खाली येतो. या प्रोसेसरची हद्दच १०० डिग्री आहे, त्यामुळं तो स्वतःला वाचवायला स्पीड पाडतोय एवढं कळतंय, पण गिऱ्हाईक समोर बसून चहा पितंय आणि आपण पट्टी सरकायची वाट बघतोय, हे सीझनमध्ये परवडत नाही.

आता आमची खास अडचण. खालच्या मजल्यावर मिसळीचं हॉटेल आहे. सकाळी फोडणी पडली की वाफ थेट आमच्या खिडकीत. झाकण उघडलं तर फॅनच्या पात्यांवर साधी धूळ नव्हती, तेलकट तपकिरी थर, बोट लावलं की बोटाला येतोय आणि वास चक्क कटाचा! ब्लोअर मारून ढिम्म हललं नाही. शेवटी एका रिपेअरवाल्याकडं दिला, त्यानं ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलनं साफ करून प्रोसेसरची उष्णता वर ओढून घेणारी थर्मल पेस्ट बदलली. त्यानंतर रिकामा असताना ४० वर आला, पण एक्सपोर्टला परत ९५ च्या पुढंच. झाकण काढून ठेवलं तर बऱ्यापैकी उतरतो, म्हणजे हवा आत कुठंतरी अडतेय असा माझा अंदाज.

मोठ्या कॅबिनेटमध्ये टाकावा म्हटलं तर याचा बोर्ड आणि पॉवर सप्लायची पिन कंपनीची वेगळीच आहे, नेहमीचा एसएमपीएस बसत नाही. मग झाकणाला ड्रिलनं जाळी पाडून वर फॅन बसवू का? कुणी केलंय?

उत्तर: एसी लाव की भावा 😀

धागाकर्ता: भाडं तू भरणार असशील तर आजच लावतो.

उत्तर: ड्रिल लगेच काढू नका. लोखंडाचा कीस बोर्डवर पडला तर शॉर्ट होईल. आधी सांगा, मशीन उभं आहे का आडवं, आणि टेबलाच्या बंद कप्प्यात तर नाही ना? दुसरं, अशा ऑफिसच्या स्लिम मशीनमध्ये बऱ्याचदा हीटसिंकवर (प्रोसेसर गार ठेवणाऱ्या धातूच्या पट्ट्यांवर) काळं प्लास्टिकचं आवरण असतं. पुढच्या जाळीतनं आलेली गार हवा त्यातनं नीट हीटसिंकवर जाते. ते नसलं तर फॅन आतलीच गरम हवा फिरवत बसतो, आणि झाकण काढलं की टेंपरेचर उतरतं, तुमच्यासारखंच. बघा बरं आहे का.

धागाकर्ता: आडवं आहे, कप्प्यातच, पण पुढनं उघडं. आणि दादा, ते आवरण नाहीये! स्क्रूची चार भोकं रिकामी दिसतायत. रिपेअरवाल्याला फोन लावला तर म्हणतो "त्ये होय, हाय की ड्रॉवरात, काय काम नव्हतं म्हणून ठेवलंय." काय बोलायचं आता. संध्याकाळी आणतो.

उत्तर: आणा. कप्प्याची मागची फळी पण काढा, मागनंच गरम हवा बाहेर पडते. आणि विंडोजच्या पॉवर ऑप्शनमध्ये मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट १०० वरनं ९९ करून बघा, टर्बो म्हणजे प्रोसेसरचा जादा स्पीड बंद होतो, स्पीड ३ च्या आसपास राहतो. थोडं हळू, पण २ च्या खाली पडण्यापेक्षा एकसारखं चाललेलं बरं.

धागाकर्ता: आवरण बसवलं, फळी काढली. त्याच अल्बमला आता ८४-८६ च्या वर जात नाही, टर्बो चालू ठेवून. ९९ वालं मे महिन्यासाठी राखून ठेवतो. ड्रिल शेजाऱ्याला परत दिलं.

आता राहिली तेलकट वाफ. पुढच्या जाळीवर फिल्टर म्हणून पातळ नायलॉनची जाळी लावली तर हवा कमी पडेल का? दर आठवड्याला धुवायची तयारी आहे, खिडकी बंद ठेवायची नाही, कारण मग आम्हीच तापतो.

उत्तर: लावा, पण मच्छरदाणीएवढी मोकळी असू द्या, स्पंज नको, तेल पिऊन गच्च होतो. लावायच्या आधी आणि नंतर तोच अल्बम एक्सपोर्ट करून आकडे बघा, तीन-चार डिग्रीच्या वर फरक पडला तर काढून टाका. आणि हॉटेल कुठलं ते सांगा की!