लिफ्टमधल्या पिचकाऱ्या आणि कॅमेऱ्याचं पुण्य

तिसरा मजला
परवा 'सेक्रेटरी' यांनी इथे लिहिलं की त्यांच्या सोसायटीत लिफ्टच्या कोपऱ्यात गुटख्याच्या पिचकाऱ्या असायच्या, कॅमेरा बसवला आणि आठ दिवसांत सगळं स्वच्छ. त्यावरून निष्कर्ष काय, तर 'कोणी बघतंय म्हटलं की माणूस सुधारतो, तेव्हा लावा कॅमेरे जिथे तिथे'. खाली टाळ्यांचा पाऊस. मी दोन दिवस गप्प बसले, आता नाही राहवत.

सुधारतो कुठे हो? आमच्याकडेही लिफ्टमध्ये कॅमेरा आला आणि पिचकारी जिन्यात गेली. जिन्याचं वळण कॅमेऱ्यात येत नाही हे थुंकणाऱ्याला कमिटीच्या आधी कळलं.

आणि मावशींचं काय? आमच्या गेटवर कामवाल्यांनी जाताना पिशवी कॅमेऱ्यासमोर उघडून दाखवायची असा नियम आहे. माझ्याकडे १४ वर्षं येणाऱ्या मावशी मागच्या दिवाळीत फराळाची पिशवी घेऊन खाली गेल्या आणि पाच मिनिटांत परत वर आल्या. म्हणाल्या, "ताई, तुम्ही दिलंय अशी चिठ्ठी द्या." मला चकलीच्या डब्यावर चिठ्ठी लिहावी लागली. सुधारलं कोण यात?

सेक्रेटरी
माझ्या लेखावर स्वतंत्र धागा, मानाबद्दल आभारी आहे. एकदा कमिटीत येऊन बघा, मग बोला. आमच्याकडे दोन सायकली गेल्या, फुटेजवरून पोरगा सापडला. चिठ्ठीने सापडला असता का?

आणि हे माझं डोकं नाही, शास्त्र आहे. २००६ साली इंग्लंडात न्यूकॅसल विद्यापीठात चहा-कॉफी घेऊन आपणहून पैसे टाकायचा डबा होता, त्याच्या वरच्या दरपत्रकावर आलटून पालटून फुलांचं आणि डोळ्यांचं चित्र लावलं. डोळ्यांच्या आठवड्यांत लोकांनी जवळपास तिप्पट पैसे टाकले. नुसती चित्रातली डोळे!

शंकासुर
'चित्रातले' डोळे. असो. हा प्रयोग सगळे सांगतात, पुढचं कोणी सांगत नाही. २०१७ मध्ये अशा बऱ्याच प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला, तेव्हा डोळ्यांच्या चित्राने दानत वाढते असं काही निघालं नाही.

गिरगावकर
कसले प्रयोग घेऊन बसलात? आमच्या चाळीत ४० बिऱ्हाडं होती, वीजबिल शून्य आणि रेकॉर्डिंग चोवीस तास. नववीत असताना मी नाक्यावर एक सिगारेट ओढली. घरी पोचेपर्यंत आईच्या हातात लाटणं तयार. आयुष्यात परत ओढली नाही. त्या नजरेत माया होती. तुमच्या फ्लॅटवाल्यांना शेजाऱ्याचं आडनाव माहीत नसतं, म्हणून भिंतीला डोळे लावावे लागतात.

माहेर लालबाग
काका, तुम्हाला एक दिवस लाटणं मिळालं. मला लग्न होईपर्यंत रोज मिळत होतं, न दिसणारं. ऑफिसातल्या एकाने पावसात छत्रीतून चाळीच्या तोंडापर्यंत सोडलं, तर रविवारी मामा स्थळ घेऊन हजर. गॅलरीत केस वाळवत उभं राहिलं तरी समोरच्या खोलीतून हिशेब, की आज किती वेळ उभी होती. ही माया तुमच्या वाट्याला आली, आम्हाला पहारा आला.

गिरगावकर
ताई, चाळीला नावं ठेवायची फॅशनच झालीय. माझे वडील पहाटे गेले तेव्हा दार ठोठवावं लागलं नाही, चार घरांतले दिवे आपोआप लागले. संडासच्या रांगेत बादली घेऊन उभे राहिलेले लोक होते ते, त्यांच्यात कसला आडपडदा?

माहेर लालबाग
रांगेचं तुम्हीच काढलंत, बरं झालं. मी साडेचारला उठून जायचे. हिवाळ्यातसुद्धा. बादली घेऊन त्या रांगेत उभं राहायचं नव्हतं म्हणून. माझ्या आईनेही तीस वर्षं तेच केलं.

खडू
चाळ पुनर्विकासाला गेली असेल तर थोडं वर्गाबद्दल बोलू का? मी पाचवीला शिकवते. वर्गात कॅमेरा आल्यापासून मी नकला करणं सोडलं. पूर्वी रडणाऱ्या पोराला जवळ घ्यायचे, आता दोन हात लांब उभी राहून "काय झालं बाळा" विचारते, कारण फुटेजमध्ये आवाज नाही, फक्त हात दिसतो. गेल्या वर्षी एक पोरगा तसाच रडत राहिला. तो हात माझा मागे का आला, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

सेक्रेटरी
बाई, तुमच्या नकला महत्त्वाच्या की मुलांची सुरक्षा? ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत दोन चिमुकल्यांवर अत्याचार झाले ते विसरलात? त्यानंतरच शासनाने शाळांना महिन्याभरात कॅमेरे लावायला सांगितलं ना?

खडू
विसरले नाही, आवाज चढवू नका. त्याच शाळेतलं फुटेज गायब असल्याचं तेव्हाच्या शिक्षणमंत्र्यांनी सांगितलं होतं. कॅमेरा होता. मी तो काढा म्हणतच नाहीये. रेकॉर्डिंगचा डबा कोणाच्या कपाटात आहे आणि किल्ली कोणाकडे, एवढं विचारतेय.

काळा कोट
बाईंचा मुद्दा बरोबर. सर्वोच्च न्यायालयाने २ डिसेंबर २०२० ला पोलीस ठाण्यांत कॅमेरे लावा, रेकॉर्डिंग १८ महिने जपा असं सांगितलं. कारण तिथे बघायचं होतं ते सत्तेकडे. पण नेमकं त्याच फुटेजसाठी अर्ज केला की 'तांत्रिक बिघाड' हे उत्तर मी स्वतः दोनदा घेऊन आलोय.

उलट बाजूही सांगतो. २७ सप्टेंबर २०२२ पासून घटनापीठाची सुनावणी घरबसल्या दिसते. चांगलंच झालं. फक्त अशील बघतोय म्हटल्यावर काही मित्रांची भाषणं लांबली आणि न्यायमूर्तींचं एक वाक्य तोडून त्यावर रील फिरायला लागलं. प्रश्न विचारायचा म्हणून विचारलेला, लोक निकाल समजून भांडतात.

सेक्रेटरी
बरं बाबांनो, एकटा मीच हुकूमशहा. पिशव्या तपासणं आमच्याकडेही आहे, ते बंद करायचा विषय मांडतो. तुमच्या चकलीखातर.

तिसरा मजला
आभार. मग लगे हाथ एक कॅमेरा कमिटीच्या बैठकीतही लावा, सभासदांना दिसेल असा. रंगकामाचे तीन कोटेशन कसे एकाच माणसाचे निघतात ते आम्हीही बघू.

सेक्रेटरी
काहीतरीच काय! कॅमेरा असला तर सभासद मोकळेपणाने बोलतील का? प्रत्येक जण तोलून मापून बोलणार, मग चर्चा व्हायची कशी?

तिसरा मजला
सेक्रेटरीसाहेब, हाच प्रतिसाद जरा मोठ्याने वाचता का?

गिरगावकर
लालबागच्या ताई, जरा अवांतर. आमच्या दोघी बहिणीही साडेचारला उठायच्या. मी आत्तापर्यंत समजत होतो, अभ्यासाला.