हवेतील हादऱ्यांमुळे प्रवाशाला इजा झाल्यास विमान कंपनीची जबाबदारी

प्रश्न – वैदर्भी
माझ्या सासूबाई (वय ६८) लंडनहून मुंबईला परतत असताना स्वच्छतागृहातून आपल्या जागेकडे येत होत्या, तेवढ्यात विमानाला जबर हादरा बसला. सीटबेल्टचा दिवा लागलेला नव्हता. पडून त्यांच्या उजव्या मनगटाचे हाड मोडले आणि आत प्लेट बसवावी लागली. कंपनीने ‘हवामान आमच्या हाती नाही’ असे कळवून, केवळ सदिच्छा म्हणून पुढील प्रवासाचे कूपन देऊ केले आहे व त्यासाठी एका कागदावर सही मागितली आहे. तिकीट मुंबई–लंडन–मुंबई असे परतीचे होते. कंपनीचे म्हणणे कायद्याला धरून आहे काय?

उत्तर – कज्जेदलाल
त्या कागदावर ‘पूर्ण व अंतिम तडजोड’ असे काही लिहिले असेल तर सही मुळीच करू नका.

हा प्रवास १९९९ च्या माँट्रियल कराराखाली (आंतरराष्ट्रीय विमानप्रवासात कंपनीची जबाबदारी ठरवणारा करार) येतो आणि २००९ पासून तो करार आपल्या १९७२ च्या विमान वाहतूक कायद्याचा भाग आहे. विमानात चढताना, उतरताना किंवा आत असताना अपघाताने शारीरिक इजा झाली, तर १,५१,८८० एसडीआरपर्यंतच्या नुकसानीसाठी (एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबाचे एकक; आजच्या दराने दीड कोटी रुपयांच्या वर) कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही. ही मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासूनची आहे; घटना त्याआधीची असल्यास १,२८,८२१ धरावी. हवामानाची सबब कंपनीला त्या रकमेच्या वरच्या दाव्यापुरतीच उपयोगी पडते. अर्थात तेवढी रक्कम आपोआप मिळते असे नव्हे. उपचार, बुडालेले उत्पन्न, आलेले अपंगत्व हे कागदांनिशी दाखवावे लागते. प्रवाशाचा स्वतःचा निष्काळजीपणा दाखवून कंपनी भरपाई कमी करून घेऊ शकते, पण दिवा बंद होता म्हणता, तर तो मुद्दा लंगडाच ठरेल.

परतीच्या तिकिटात अंतिम ठिकाण मुंबई धरले जाते, त्यामुळे दावा भारतात लावता येतो. मुदत दोन वर्षांची आहे आणि पत्रव्यवहार चालू आहे म्हणून ती थांबत नाही.

उत्तर – निवृत्त केबिन क्रू
दिव्याबाबत नुसत्या आठवणीवर विसंबू नका. शेजारच्या प्रवाशांची लेखी निवेदने घ्या, आणि केबिन क्रूने भरलेला इजेचा अहवाल व कॉकपिटमधील नोंदी जपून ठेवाव्यात असे कंपनीला आजच लेखी कळवा. रडारला ढगांतील पाण्याचे थेंब दिसतात, निरभ्र हवेतील खळबळ दिसत नाही, हे खरे आहे. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानात दिव्याची सूचना आणि मोठा हादरा यांत अवघ्या आठ सेकंदांचे अंतर होते, असे प्राथमिक तपासात आढळले. त्या घटनेत एक प्रवासी दगावला. तरीही कंपनीने किरकोळ जखमींना १०,००० अमेरिकी डॉलर आणि गंभीर जखमींना २५,००० डॉलरची आगाऊ रक्कम देऊ केली. कूपनवर बोळवण करणाऱ्यांना हे उदाहरण अवश्य ऐकवा.

प्रश्न – वैदर्भी
आभारी आहे. तेव्हापासून त्यांना विमानाची धास्ती बसली आहे. तिचीही भरपाई मागता येईल काय?

उत्तर – कज्जेदलाल
निव्वळ मानसिक त्रासाला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९१ मध्ये नकार दिला होता. युरोपीय न्यायालयाने २०२२ मध्ये, त्रास वैद्यकीयदृष्ट्या गंभीर असल्यास, वाट मोकळी केली. इथे हाड मोडलेलेच आहे, म्हणून मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल जोडून हा भाग त्याच दाव्यात मांडा.