मैत्रिणीच्या वाढदिवसासाठी घरचा चीजकेक

धाकटी: मावशी, शनिवारी संध्याकाळी माझ्या मैत्रिणीचा वाढदिवस आहे आणि यंदा मी स्वतः चीजकेक करून न्यायचे ठरवले आहे. मागच्या वेळी तो ओव्हनमध्ये छान फुगला होता, पण बाहेर काढून ओट्यावर ठेवल्यावर थोड्याच वेळात खाली बसला आणि मधोमध बोटभर रुंद भेग पडली. मला इतके वाईट वाटले की मी तो कोणाला दाखवलाच नाही. माझे नेमके काय चुकले असेल?

मावशी: भेग पडल्याने चव बिघडत नाही, त्यामुळे तो लपवायला नको होता. तो फुगला होता असे तू लिहिले आहेस, आणि चूक तिथेच आहे. चीजकेक हा नावाला केक असला तरी मुळात अंड्यांमुळे घट्ट होणारे कस्टर्ड असते, त्यामुळे त्याने फारसे फुगणे अपेक्षितच नसते. अंडी घातल्यावर मिश्रण जोरात फेटले की त्यात हवा शिरते, ती उष्णतेने प्रसरण पावते आणि बाहेर काढताच केक खाली बसतो. त्यातच तो साच्याच्या कडेला चिकटलेला असेल, तर गार होताना आकसतो आणि मधोमध फाटतो.

म्हणून क्रीम चीज दीड-दोन तास आधी बाहेर काढून ठेव. गार चीजच्या गुठळ्या मोडत नाहीत आणि त्या मोडण्याच्या नादात आपण नको तितके फेटत बसतो. चीज आणि साखर अगदी एकजीव झाल्यावरच एकेक अंडे घाल आणि पिवळा रंग दिसेनासा होताच हात थांबव.

ताई: प्रमाणही लिहा ना, मावशी. मलाही करून पाहायचा आहे.

मावशी: बाजूची कडी उघडली की कडा सुटी होते अशा 20 सेंटिमीटरच्या साच्याला 600 ग्रॅम क्रीम चीज, 150 ग्रॅम साखर, 3 अंडी, 150 मिलिलिटर सावर क्रीम (आंबवलेले घट्ट क्रीम) आणि एक मोठा चमचा कॉर्नफ्लोअर घ्यावे. तळासाठी 200 ग्रॅम बिस्किटांच्या चुऱ्यात 90 ग्रॅम वितळलेले लोणी कालवून तो वाटीच्या बुडाने घट्ट दाबावा. ओव्हन 160 अंशांवर ठेवावा आणि साधारण 50 मिनिटांनी साचा हलकेच हलवून पाहावा. कडा घट्ट झालेल्या आणि मधला तळहाताएवढा भाग मात्र थरथरणारा दिसला, की ओव्हन बंद करावा. तो भाग कच्चा वाटतो आणि आणखी दहा मिनिटे ठेवण्याचा मोह होतो, पण आतल्या उष्णतेने तो पुढे आपोआप घट्ट होतो. दार किंचित उघडे ठेवून केक तासभर आतच राहू द्यावा, मग कडेने पातळ सुरी फिरवून तो साच्यापासून सोडवावा आणि पूर्ण गार झाल्यावर रात्रभर फ्रीजमध्ये ठेवावा.

दादा: न भाजता होणारा प्रकार सोपा नाही का? वेळही वाचेल.

मावशी: सोपा आहे, आणि कोणी अंडी खात नसेल तर तोच करावा. त्यात फेटलेले क्रीम घालतात, आणि तो नीट घट्ट व्हावा म्हणून बरेच जण जिलेटिनही वापरतात. जिलेटिन प्राणिजन्य असल्यामुळे पाहुण्यांना आधी विचारून घ्यावे. वेळ मात्र फारसा वाचत नाही, कारण तोही कित्येक तास फ्रीजमध्येच घट्ट होतो. मला स्वतःला भाजलेल्याचा दाटपणा अधिक आवडतो.

धाकटी: मग मी शुक्रवारी दुपारीच करायला घेते. पण न्यायचा कसा?

मावशी: साच्यातून काढूच नकोस. गारच, साच्यासकट डब्यात ठेवून ने आणि बाजूची कडी तिथे पोहोचल्यावर उघड. पोहोचताच तो त्यांच्या फ्रीजमध्ये ठेव, कारण दोन तासांपेक्षा जास्त वेळ तो बाहेर राहता कामा नये. कापताना सुरी गरम पाण्यात बुडवून, पुसून घ्यायची, आणि हे प्रत्येक कापाला करायचे.

धाकटी: क्रीम चीज बाहेर काढण्यासाठी शुक्रवारी बारा वाजताचा गजर आताच लावला आहे. या वेळी फोटो नक्की पाठवते, भेग पडली तरी.