मदत हवी आहे: 'क्रुदा आमारिल्ली'मधला 'आही लास्सो' ('हाय रे!') कसा लावावा?

आम्ही पाच हौशी गायक इटालियन संगीतकार मोंतेवेर्दीच्या पाचव्या माद्रिगाल-संग्रहातली (1605; माद्रिगाल म्हणजे अनेक आवाजांत गायची काव्यरचना) ही पहिली रचना बसवतोय. शब्द कवी ग्वारिनीचे. साथीला वाद्य नाही. या संग्रहातल्या शेवटच्या सहा रचनांनाच कंटिन्युओ (खालच्या सुरांवर आधारलेली वाद्यसाथ) अनिवार्य आहे, त्यामुळे इथे ते चालावं.

अडलंय तेराव्या मापात (बारमध्ये). बेस (सर्वांत खालचा आवाज) 'जी'वर असताना सोप्रानो (सर्वांत वरचा आवाज) विश्रांतीनंतर थेट 'ए'वर येते आणि तिथून 'एफ'वर उडी घेते. पूर्वतयारीशिवाय आलेला हाच विसंवाद संगीतशास्त्रकार आर्तूसीला 1600 मध्ये खटकला होता. आमच्याकडे मात्र ती 'ए' दर वेळी किंचित उतरते आणि पुढच्या दोन मापांत सगळेच खाली घसरतात.

करून पाहिलेलं: अर्ध्या लयीत, शब्दांशिवाय नुसत्या 'आ'कारात, फक्त बेस आणि सोप्रानो, पियानोसोबत. शेवटी 'जी'ला षड्ज मानून तानपुरा लावला. आमची सोप्रानो मूळची ख्याल गाणारी, तिचा शुद्ध रिषभ असा सुंदर लागला की सूर घसरणं थांबलं. पण 'हाय रे!' म्हणतानाची कळच गेली. रिषभ गोड वाटू लागला, आणि इथे तो बोचायला हवा.

पट्टी बदलता येणार नाही, बेसला याहून खाली जमत नाही. कंप अजिबात नको आहे.

ज्यांनी हे प्रत्यक्ष गायलंय त्यांना विचारायचंय: 'ए' बेसशी शुद्ध जुळवून बोच फक्त उच्चारातून आणि आघातातून आणता, की स्वरच थोडा चढा ठेवता? आणि त्यानंतरचा 'एफ' कोणत्या आवाजाकडे कान ठेवून पकडता?