नवा पूल थेट मोंढ्याच्या चौकात उतरतो. कोंडी टाळण्यासाठी काय मागावे?

प्रश्न – गोदाकाठ

नमस्कार. गोदावरीकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी जुन्या अरुंद पुलाशेजारी नवा पूल बांधून होत आला असून दिवाळीनंतर तो वाहतुकीस खुला होईल, असे सांगितले जाते. पूल प्रशस्त आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्याचा पोहोच रस्ता थेट मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, चौकात उतरतो आणि त्या चौकात आजच सकाळी दहाच्या सुमारास सोयाबीनचे टेम्पो, शाळेच्या ॲपे रिक्षा आणि बसस्थानकातून बाहेर पडणाऱ्या एसटी गाड्या एकमेकांसमोर अडकून पडतात. गाळप हंगाम सुरू झाला की दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टरही याच वाटेने जातील. जुना पूल बंद करून सगळी वाहतूक नव्यावरून न्यावी, असा नगर परिषदेत सूर आहे. नागरिकांच्या वतीने लेखी सूचना द्यायच्या आहेत. त्यात नेमके काय मागावे?

उत्तर – निवृत्त शाखा अभियंता

आपला जुना पूल आजवर गाळणीचे काम करीत होता, हे आधी लक्षात घ्यावे. तो अरुंद असल्यामुळे चौकात वाहने थोडी थोडी येत होती. आता रुंद पुलावरून तीच वाहने एकदम येतील आणि चौक मात्र होता तेवढाच राहील. म्हणून पहिली मागणी मोजणीची करा. आठवडी बाजाराचा एक आणि साधे दोन असे तीन दिवस, दोन्ही तीरांवरच्या चौकांत, कोणते वाहन कुठून येऊन कुठे वळते, याची नोंद हवी. नुसती संख्या मोजून उपयोग नाही. भारतीय रोड काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांसाठीच्या १९९० च्या मार्गदर्शक सूचनांत, वाहन रस्त्यावर किती जागा व्यापते या हिशेबाने, कार १ धरली, तर मोटारसायकल ०.५, ट्रक किंवा बस ३, ट्रॉलीसह ट्रॅक्टर ४.५ आणि बैलगाडी ८ धरली जाते. म्हणजे उसाचे ४० ट्रॅक्टर आले, तर ते १८० कारइतकी जागा व्यापतात, आणि दुसरी ट्रॉली जोडली असेल तर हिशेब आणखी वाढतो.

जुना पूल सरसकट बंद करण्यास माझा विरोध आहे. त्याची संरचनात्मक तपासणी करून तो सुस्थितीत आढळल्यास दुचाकी, सायकली आणि पादचारी यांच्यासाठी ठेवावा. एक पूल जाण्यासाठी आणि दुसरा येण्यासाठी, अशी एकेरी योजनाही करता येते. पण दोन्ही पूल दोन्ही टोकांना जोडरस्त्याने नीट जोडलेले नसतील, तर लोक वळसा टाळण्यासाठी उलट दिशेने गाडी घालतात आणि योजना पहिल्याच आठवड्यात कागदावर राहते. रिक्षाथांबा आणि फळांचे हातगाडे पुलाच्या तोंडापासून लांब हलवण्याची मागणीही अर्जात स्पष्ट लिहा, कारण पूल सुरू होताच ती जागा सर्वांनाच हवी असते.

उत्तर – खामकाठ, छत्रपती संभाजीनगर

आमच्याकडे खाम नदीवर मकाई दरवाजा आणि बारापुल्ला दरवाजा येथे ऐतिहासिक कमानींशेजारून स्वतंत्र पूल झाले. माझे निरीक्षण असे, की ज्याला जुन्या दरवाजातून घर जवळ पडते, तो फलक वाचूनही दरवाजातच शिरतो. त्यामुळे जुन्या पुलावर जड वाहने येऊ द्यायची नसतील, तर फलकाच्या भरवशावर न राहता दोन्ही टोकांना उंची रोखणारी लोखंडी कमान बसवून घ्या, आणि पहिले काही आठवडे तेथे शिट्टी घेऊन माणूस उभा करा.

उत्तर – नांदेडकर

वरील सूचना योग्यच आहेत; मात्र पुलावर थांबणाऱ्यांचे काय? विष्णुपुरी धरणाचे दरवाजे उघडले की आमच्याकडे पाणी पाहायला पुलावर गर्दी होते आणि कठड्याला लागून दुचाकींची रांग लागते. एरवीही निर्माल्याची पिशवी नदीत सोडण्यासाठी चालती गाडी मध्येच थांबते, मागे मूल आणि टाकीवर पिशवी असलेला दुचाकीस्वार कठड्याकडे वळतो, आणि मागच्या ट्रकचालकाला करकचून ब्रेक दाबावा लागतो. पुलाच्या अलीकडे निर्माल्यकलश ठेवा आणि तेथेच दोन-चार गाड्या उभ्या राहतील एवढी जागा सोडायला सांगा.

उत्तर – वकील

जड वाहनांना ठरावीक वेळेत बंदी हवी असल्यास मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११५ चा आधार घेऊन जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा. एक महिन्यापेक्षा अधिक काळ नसलेल्या निर्बंधासाठी राजपत्रात अधिसूचना आवश्यक नसते, स्थानिक प्रसिद्धी पुरते. म्हणून आधी महिनाभराचा प्रयोग मागा. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा सोडून उसाची वाहने, असे त्याचे स्वरूप ठेवता येईल.

गोदाकाठ

सर्वांचे आभार. काल बाजाराच्या दिवशी आम्ही तिघे चहाच्या टपरीशी वही घेऊन सकाळी नऊ ते अकरा उभे राहिलो. चौकात उजवीकडे वळणारी वाहने मोंढ्यात जातात, असा आमचा आजवरचा समज होता. प्रत्यक्षात त्यांतील निम्म्याहून अधिक कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपात शिरत होती आणि त्यांच्यामुळे मागची एसटी थांबत होती. त्यामुळे अर्जाचा मसुदा बदलला आहे. मोजणीच्या मागणीखालोखाल, पंपाचे चौकाकडील प्रवेशद्वार बंद करून मागच्या रस्त्याने प्रवेश द्यावा, ही मागणी घातली असून जुन्या पुलाचा मुद्दा त्यानंतर घेतला आहे.