अग्निशमनाचा बंब वाटेत बंद पडला, तर गुन्हा एकट्या चालकावर का?

करूळघाट: काल इथे कुणी लिहिलंय, "बंब वाटेत बंद पडला की चालकावर गुन्हा नोंदवा, आठवड्यात सगळे बंब सुधारतील." त्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम १९० वाचावं. नादुरुस्त गाडी चालवणारा त्यात येतो, तसा ती चालवायला लावणाराही येतो. दोष ठाऊक होता किंवा साध्या तपासणीत कळला असता, एवढं पुरतं. चालक महिनाभर लॉगबुकात 'ब्रेकला हवा धरत नाही' लिहितोय आणि दुरुस्तीची फाइल नगरपरिषदेत सहीला पडून आहे. मग दोषी कोण?

पानवल: लॉगबुकात 'गाडी ओके'च लिहिलेलं असतं! ब्रेकच्या हवेच्या टाकीचा ड्रेन कॉक, म्हणजे तळाची तोटी, उघडून रोज सकाळी पाणी काढायचं काम चालकाचंच ना? आपल्या दमट हवेत ते साचतंच. पुढे सरकलं की चाकांच्या ब्रेकला हवा सोडणारा रिले व्हॉल्व्ह गंजून अडकतो, आणि टाकीत ४५०० लिटर, म्हणजे साडेचार टन पाणी घेऊन परशुराम घाट उतरायचा असतो. कॉक उघडायला मुख्याधिकाऱ्यांची सही लागत नाही.

खाडीकाठ: ब्रेकचं असू दे, किनाऱ्यावर आधी मरतो तो पंप. जेटीवर होडी पेटली की पाणी ओढायचा सक्शन पाइप थेट खाडीत, आणि परत आल्यावर पंप तसाच उभा! किमान १० मिनिटं गोडं पाणी फिरवा. सगळ्या डिलिव्हऱ्या (पाणी सोडायची तोंडं), पंपातली हवा काढणाऱ्या प्रायमरची लाइन, फोमची लाइन उघडून धुवा, मग तळाचे ड्रेन. नाहीतर ग्लँडपाशी, म्हणजे पंपाचा दांडा बाहेर येतो तिथे, मिठाचे खडे धरतात, पॅकिंग कापलं जातं, पंप हवा ओढतो आणि प्राइम होत नाही, म्हणजे पाणी धरत नाही. गनमेटलच्या इंपेलरशेजारी (पंपातलं फिरतं चाक) ॲल्युमिनियमचा भाग असेल तर खारं पाणी तो खाऊन टाकतं.

करूळघाट: विषय जबाबदारीचा चाललाय! आणि गोडं पाणी आणायचं कुठून? टाकीतलं वापरलं तर तेवढा वेळ बंब रिकामा.

खाडीकाठ: वाटेतल्या विहिरीवरून.

करूळघाट: मे महिन्यात? पाणी ७ मीटरच्या खाली गेलं की सक्शन उचलत नाही, हे तुम्हाला सांगायला हवं?

खाडीकाठ: मग स्टेशनात वेगळी टाकी बांधा. आणि धुतल्यावर कोरडी व्हॅक्यूम चाचणी घ्या, म्हणजे रिकाम्या पंपातली हवा ओढून गळती बघा. अमेरिकी मानकात २२ इंच पारा चढवून, ५ मिनिटांत १० इंचांहून जास्त उतरता कामा नये. झाकणं आणि गेज धड असले की झालं, खर्च शून्य.

कोर्टकचेरी: 'सरकारी कामावरची गाडी, भरपाई नाही' असं कुणी समजू नये. विद्यावती खटल्यात राजस्थान सरकारची जीप वर्कशॉपमधून परतताना माणसाला धडकली होती. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने भरपाई सरकारवरच टाकली. बंबाला परमिटची माफी आहे, पण त्या माफीत फिटनेस येत नाही. १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षांवरच्या पालिका-गाड्यांची नोंदणीही संपते.

पानवल: भरपाई परिषदेची, मान्य. ड्रेन कॉक मात्र मी सोडणार नाही. लॉगबुकात दोन रकाने हवेत, दोष कळवल्याची तारीख आणि दुरुस्तीची तारीख. मधल्या दिवसांत गाडी बाहेर काढायला लावली, तर सही करणारा अडकू दे.

खाडीकाठ: तिसरा खाऱ्या पाण्याचा. कधी ओढलं, कधी धुतलं.